पलंगपोसाचा चौथा कोपरा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कापड गिरणीतला निवृत्त तपासनीस, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. समोरचे शिंपी, जे या कागदाचे साक्षीदारही आहेत, त्यांचं याबाबत वेगळं मत आहे. पण त्यांच्याकडे कोणी दाखला मागितलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे खिडकी असलेली पुढची खोली. माझ्यामागे ते माझ्या पत्नीकडे तिच्या हयातीपर्यंत राहील आणि तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना समान वाट्याने जाईल. तिच्या हयातीत "आई, तू एकटी इथे काय करणार?" हा प्रश्न तिला कोणी विचारू नये. मुलाचा तो मी जिवंत असतानाच तीनदा विचारून झाला आहे. तो मायेपोटी विचारतो, हे मला कळतं. पण पुढच्या खोलीतलं आमचं भरतकामाचं टेबल त्याच्या आठव्या मजल्यावर जाणार नाही आणि गेलंच, तरी खिडकीतून डाव्या हाताला येणारा उजेड इथेच राहील. ती आपणहून जाते म्हणाली तर मात्र कोणी माझं नाव पुढे करून तिला अडवू नये.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते पत्नीचं. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. माझं गिरणीतलं भिंग मुलाला द्यावं. तेहेतीस वर्षं खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून माझ्यासमोर कापड सरकत गेलं. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण, जे दिसेल तिथे काठाला लाल दोरा बांधायचा, एवढंच माझं काम. लोक मला 'लालदोरे' म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. पाहुणा म्हणून कोणाकडे गेलो तरी मी आधी पडद्याचे काठ बघायचो. मुलगा मध्यंतरी आईला म्हणाला, "असले पलंगपोस ऑनलाइन ढिगाने मिळतात गं, कशाला डोळे फोडतेस?" तिने सुईत पुढचा धागा ओवला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, ते आता बोलतो. बाबा रे, हे भिंग आधी तुझ्या ऑनलाइन पलंगपोसावर धर, मग आईच्या हातच्या कामावर धर, आणि काय दिसलं ते तिला सांग.

कलम ४. यात मालमत्ता नाही, कबुली आहे. वकील म्हणाले याची गरज नाही. त्यांना नसेल.

लग्नानंतर चौथ्या वर्षी पत्नीने पलंगपोस भरायला घेतला. कार्बन ठेवून स्वतः नक्षी उतरवली. चारही बाजूंनी वेल आणि कोपऱ्यांत फुलांचे गुच्छ. घरचं सगळं उरकून आठ महिने भरत होती. तीन कोपरे झाल्यावर एका रविवारी तिने तो पलंगावर पसरला आणि मला हाक मारली, "अहो, बघा ना." मी बघितलं. मला जसं बघता येत होतं तसंच बघितलं. सदऱ्याच्या खिशातून लाल दोरे काढले आणि अकरा ठिकाणी बांधले. इथे टाका सैल, इथे पान तिरकं, इथला हिरवा वेगळ्या लडीतला. शपथेवर सांगतो, माझ्याकडे जे सगळ्यांत चांगलं होतं ते मी तिला देतो आहे असंच मला वाटत होतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." पलंगपोसाची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली.

त्यानंतर तिने बटणं लावली, पोरांच्या गणवेशांच्या शिवणी घातल्या, पण भरतकामाला अडतीस वर्षं हात लावला नाही. सहा हातांवरून तुटका धागा ओळखणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. तोंडाने सांगायला गेलं की ती म्हणते, "जाऊ द्या हो, किती उगाळायचं तेच तेच!" म्हणून इथे लिहिलं आहे. इथे मला मध्येच कोणी थांबवू शकत नाही.

कलम ५. सहा वर्षांपूर्वी छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी महिनाभर घरात बसवलं. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून संपायचं आणि दिवस काही संपायचा नाही. एक दिवस पांघरूण शोधायला ट्रंक उघडली, तर तळाशी तो पलंगपोस. अकराच्या अकरा दोरे जागच्या जागी. तिने एकही काढला नव्हता. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. चौथ्या कोपऱ्यात नुसत्या कार्बनच्या पुसट रेघा होत्या.

माफी मागायला तोंड उघडेना, म्हणून सुई घेतली. ओवायलाच अर्धा तास गेला. ती स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली.

"अहो, सुई धरलीय की खिळा ठोकताय?"

"मग तू शिकव."

"मी विसरले सगळं."

दोन दिवस तिने तग धरला. तिसऱ्या दिवशी माझं पान बघवेना तेव्हा खुर्ची ओढून बसली आणि माझ्या हातातून सुई घेतली. तिची बोटं काहीच विसरली नव्हती. टाका दाखवून तिने सुई परत माझ्या हातात दिली. माझा कोपरा भरून झाला त्या संध्याकाळी ती लाल दोरा घेऊन आली आणि माझ्या कामावर गाठी मारू लागली. चव्वेचाळीस भरल्या. मोजता मोजता तिला इतकं हसू आलं की टेबल धरून उभं राहावं लागलं. तिचं ते हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. जुन्या अकरा दोऱ्यांचं काय करू विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या. तुमच्या चव्वेचाळिसांना सोबत."

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघं टेबलाशी असतो. ती उशांचे अभ्रे भरते, रुमाल भरते, जुन्या साड्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या करते. मला फक्त पानं जमतात, तीही एकाच जातीची. एका पानाला एक दुपार लागते. पण जिथे काही नव्हतं तिथे संध्याकाळी पान असतं आणि ते माझ्या हातचं असतं. तेहेतीस वर्षं कापड बघितलं, पण धागा कापडातून ओढताना बोटांना काय वाटतं ते मला ठाऊकच नव्हतं. ही सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची.

कलम ६. सुया, रिंगा आणि रंगीत लड्यांचा डबा मुलीला द्यावा. सुट्टीत येते तेव्हा ती फोन बाजूला ठेवून आईशेजारी बसते. अर्थात डबा द्यायचा तो आईचा हात थांबल्यावरच. घाई करू नये. मोठी कात्री शिंप्यांना देण्याचा विचार होता. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं कायदा म्हणतो. कात्री नऊ वर्षांपासून, 'दोन दिवसांसाठी', त्यांच्याकडेच आहे. कायद्याने जाऊन आणावी.

कलम ७. पलंगपोस. हा मी आधी मुलीच्या नावे लिहिला होता. पत्नी चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा तुमचा कधीपासून झाला?" बरोबर आहे. कापड तिचं, नक्षी तिची, तीन कोपरे तिचे. माझा फक्त चौथा. तेव्हा सदर चौथा कोपरा, सुमारे वीतभर, त्यातील चुकांसह, मी माझ्या पत्नीला देत आहे. [खोडलेली ओळ: मात्र तिने तो उसवून नव्याने भरू नये.]

ही अट का घातली ते सांगतो. पलंगपोस झटकताना तिचा हात त्या कोपऱ्याशी थांबतो, ते मी बघितलं आहे. पण खरी भीती टाक्यांची नाही. मी गेल्यावर तिला हे सगळं नकोसं होईल, पुन्हा घडी घालून ट्रंकेत जाईल, ही आहे. तिच्याकडे आता आणखी अडतीस वर्षं नाहीत.

तिने वाचलं आणि म्हणाली, "अट काढा. अट घालून दिलं तर ते देणं कसलं?"

"आणि तू उसवलंस तर?"

"तर उसवीन. माझं आहे ना?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. तिच्या कामात माझंच खरं करायचं, हे मी एकदा केलं होतं आणि आता मेल्यावरही तेच करायला निघालो होतो. अट खोडली. तिने ठेवावा, उसवावा, मर्जी तिची. सुई मात्र खाली ठेवू नये. ही अट नाही, विनंती आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरं केलं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी

सही: मृत्युपत्र करणार, निवृत्त कापड तपासनीस

साक्षीदार १. सही: शिंपी, समोरचं दुकान (कात्रीबद्दलचा मजकूर मान्य नाही)
साक्षीदार २. सही: निवृत्त परिचारिका, वरचा मजला

खाडाखोडीची नोंद: कलम ७ मधील एक ओळ मी स्वतः खोडली आहे. त्या ओळीशेजारी समासात माझ्या पत्नीने, सह्या होऊन मी पेन खाली ठेवल्यावर, कोणी न सांगता, पुढील मजकूर लिहिला आहे. शिंपी म्हणतात तो कायद्यात बसत नाही. तो तसाच ठेवावा:

"उसवणार नाही. उजेड असेल तोवर रोज बसेन."