पप्पांच्या वॉकचा बंदोबस्त

ती. आत्या,

साधनाचा वाकून नमस्कार. (मायना चुकला असंल तर समजून घे, आमच्या इंग्लिश मीडियमला पत्र म्हंजे रजेचा अर्ज, तेवढाच शिकवला.) तुझे गुडघे कसे हायेत? धावड्याला मिरची तोडून झाली का? इकडं परतूरला आम्ही मजेत. पप्पा तर जरा जास्तच मजेत.

डॉक्टरांनी तुझ्या भावाला शुगरसाठी रोज पाऊण तास चालायला लावलंय, न्हाईतर इन्सुलिनची सुई, हे तुला म्हाईतच हाय. पण पहिल्याच दिवशी पप्पा दहा मिनिटांत वापस आल्ते, एकाच पायात चप्पल. (दुसरी पुढच्या गल्लीतल्या, म्हंजे उषाबाईंच्या गल्लीतल्या काळ्यानं नेली. काळ्या म्हंजे कुत्रं, पण वागणं फौजदाराचं.) "सुई परवडली," म्हणले आन् पलंगावर आडवे. मंग मी ठरवलं, हा प्रॉब्लेम सायंटिफिकली सोडवायचा. दोन दिवस व्हिडिओ पाह्यले. पळायचं न्हाई, कुत्र्याच्या डोळ्यात पाह्यचं न्हाई, हात आंगाशी धरून झाडासारखं गप उभं राह्यचं, कुत्रं कंटाळून निघून जातं. आम्ही बराबर तसंच केलं. पण परतूरच्या कुत्र्याला कुठं जायची घाई असती? काळ्या समोर बसला आन् पप्पा पंचवीस मिनिटं झाड. उषाबाई दळण घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "भुजंगराव, कोणाची वाट पाहून राह्यले?" पप्पा ओठ न हलवता म्हणले, "हा उठायची." त्या दिवशी मोबाइलमध्ये पावलं निघाली एकशे बारा.

उषाबाईंनी नुसतं "हाड" म्हणलं तर काळ्या शेपूट हलवत त्यांच्या मागं! तिथंच माझी ट्यूब पेटली. गल्लीतलं कुत्रं गल्लीतल्या माणसाला काही करत न्हाई, आन् त्याच्यासोबत चालणाऱ्यालाबी न्हाई. म्हणून मी पप्पांची रिले रेस बनवली. आमच्या कोपऱ्यापर्यंत मी, पुढं उषाबाई, त्यांच्या पुढं फकरोद्दीन चाचा (गादीवाले), तिथून स्टेशन रोडपर्यंत शिवाजी मास्तर. हद्द आली की पप्पांना हातोहात सोपवायचं, येतानाबी तसंच. तीन आठवडे झाले आत्या, एक चावा न्हाई, एक चप्पल गेली न्हाई. काळ्या तर आता पप्पांना पाहून उठून उभा राह्यतो. माझं म्हणणं, हे मॉडेल मंठ्याला, जालन्याला, सगळीकडं लागू करायला पाह्यजे. मी चार्टबी बनवलाय, रंगीत.

तुझी लाडकी
साधना

ता. क. एक बारीक अडचण हाय. दारात आलेल्या माणसाला कोणी कोरडं सोडत न्हाई ना. उषाबाई म्हणतात, "घोटभर तर घ्या." चाचा म्हणतात, "भुजंगभाई, बगैर चाय के कैसा?" मास्तरांकडं चहासोबत बिस्किटं. वापस येताना तीच माणसं, तोच चहा. रोजचे सहा कप, सगळे साखरेचे. काल रिपोर्ट आला, शुगर उतरायच्या ऐवजी वाढली. डॉक्टर म्हणले, पंधरा दिवसांत खाली आली न्हाई तर सुई बिलकुल पक्की. पप्पा आमचं ऐकत न्हाईत. तू मोठी बहीण, तुझ्यापुढं त्यांची बोलती बंद होते. तू ये आन् सोबत चाल. कोणी कप पुढं केला की फक्त डोळे वटार. (फोन पप्पाच उचलतात, म्हणून हे पत्र. त्यांना सांगू नको.)

आणखी ता. क. जल्दी ये. आज कुत्रे पकडायची गाडी आल्ती. पप्पांनी त्या लोकांना हात जोडून सांगितलं की आमच्या भागात एकबी कुत्रं न्हाई. तवा काळ्या आमच्या न्हाणीत होता, पप्पांनीच कडी लावल्ती. गाडी गेल्यावर मी विचारलं, हे काय केलं? तर म्हणले, "कुत्रंच न्हाई राह्यलं तर मला घरोघर सोडायला कोण येईल गं?"