तिसऱ्यांदा घर बंद

३ मार्च २००३
नोकरी लागली! कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, महावीरशेठच्या कुरिअरमध्ये. खोलीही दोन गल्ल्या सोडून, माडीवर मिळाली. शेजारच्या आक्कांनी आल्या आल्या चहा पाजला आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून घेतली. शेठनी कॉम्प्युटर दाखवला. प्रत्येक पाकिटाला नंबर असतो, तो टाकला की माल कुठं आहे ते दिसतं. 'निघाले', 'शाखेत पोचले', 'वाटपाला बाहेर' आणि शेवटी 'मिळाले'. दाराला कुलूप असेल तर 'घर बंद'. तीनदा घर बंद लागलं की माल परत. शेठ म्हणाले, उशीर झाला तर गिऱ्हाईक चालवून घेतं, खोटं चालवून घेत नाही. हे काम मला जमणार, मजाच आहे.

८ मार्च
गारगोटीच्या पुढच्या वाडीवर एक पाकीट द्यायचं होतं. पिराजी नावाच्या मुलानं पुण्याहून आईला, अंबूबाईंना, छातीच्या गोळ्या पाठवल्यात. आणि नेमकी आजच पेठेची फुटबॉल मॅच! एका पाकिटासाठी एवढं लांब कोण तडफडणार? माझ्याबरोबर वाटप करणारा कृष्णात म्हणाला, घर बंद टाक आणि चल, सगळे तेच करतात. टाकलं. दोन-एकनं जिंकलो. ओरडून घसा बसलाय.

१० मार्च
वाडीवरच्या दुकानातून अंबूबाईंचा फोन आला.
"घर बंद कसं वो पावणं? मी तर सकाळधरनं उंबऱ्यावरच बसलोय की!"
गोळ्या संपल्यात म्हणाल्या. आजच आणतो म्हटलं. पण गाडी पंक्चर निघाली, वर ऊन रणरणत होतं. पुन्हा घर बंद टाकलं. उद्या जाईनच.

१२ मार्च
काल शहरातलंच वाटप संपेना. तिसऱ्यांदा घर बंद. पाकीट पुण्याला परत गेलं. सुटलो म्हणायचं, पण आज जेवण काही गेलं नाही.

१५ मार्च
पिराजीचा फोन. अंबूबाई बुधवारी गेल्या. उंबऱ्यावरच, बसल्या जागी. तो भांडला नाही. एवढंच विचारलं, तुम्ही तीनदा आलता न्हवं, तवा आई कुठं बसलीती? मी फोन ठेवून दिला. माझी मलाच शरम वाटते.

१८ मार्च
तोच नंबर पुन्हा स्क्रीनवर. 'शाखेत पोचले.' सगळी फळी उपसली, पाकीट नाही. आणि घेणाऱ्याच्या जागी माझं नाव. वीरेश, माडीवरची खोली. शेठ म्हणाले, कॉम्प्युटर चुकला असेल. त्यांना खरं सांगणार होतो. धीर झाला नाही.

१९ मार्च
रजा काढली. दिवसभर दार सताड उघडं ठेवून बसलो. कोणी आलं नाही. संध्याकाळी ऑफिसात जाऊन बघितलं — 'घर बंद. पहिला प्रयत्न.' घरी आलो तर उंबरा कोमट. कुणी बराच वेळ बसून नुकतंच उठल्यासारखा.

२० मार्च
दुसरा प्रयत्न. घर बंद. मी दारातच होतो. दारातच! आक्कांना दोनदा हाक मारली तेव्हा कुठं त्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं.

२१ मार्च, सकाळ
युक्ती सुचली. बाहेर पडलो तर ते पाकीट रस्त्यात गाठेल. म्हणून मी आत, कुलूप बाहेरून. घर खरंच बंद. तिसरा प्रयत्न झाला की ते परत जाईल. आक्कांकडं किल्ली दिली, पाचला उघडा म्हटलं. वेड लागलंय काय म्हणाल्या, पण लावलं कुलूप.

दुपार
दाराखालून येणारा उजेड गेला. पलीकडं कोणीतरी बसलंय. धाप लागल्यासारखा श्वास —

पाच
कृष्णात आलाय. आक्का त्याला सांगतायत, घर बंद हाय, सकाळधरनं कोण न्हाय — आक्का, कुलूप तुम्हीच लावलंत — मी दार बडवतोय — ऐकूच जात — तो म्हणतोय, तिसऱ्यांदा घर बंद, म्हंजे परत लावून द्यायचं — कुणाला? — पावलं उतरली — छातीत — अहो, घर बंद कसं, मी तर सकाळधरनं उंबऱ्यावरच बसलोय की — उंबऱ्यावरच —