निळी पावती

प्रिय ठोंब्या,

आधी 'संचालकसाहेब' असं लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. तारांगणाचा संचालक असशील तू जगासाठी. माझ्यासाठी तू तोच, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात अडकवून शाळेत जाणारा. पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीनं पत्र लिहावं हे जरा विचित्रच, पण करू काय? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आलास की मी तुला वाढत बसते. त्यात बोलायचं ते राहून जातं. संध्याकाळी भाजी आणायला निघेन तेव्हा हे तुझ्या दाराखालून आत सरकवीन. बेल वाजवणार नाही.

निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी फार लांबतात. खुर्ची खिडकीशी ओढून बसते, पडदा हलत असतो, कुठेतरी कुणीतरी सायकलला हवा भरत असतं, आणि झोप लागली की नाही तेच कळत नाही. अशा वेळी मला तुझा घुमट दिसतो. दिवे हळूहळू मंदावतात आणि अंधारातून तुझा आवाज येतो: मान मागे टाका, घाई करू नका, डोळ्यांना सवय होऊ द्या. मलाही सवय होते, आणि दिसतं काय, तर खुर्च्यांवर शाळेची मुलं नसतातच. कोर्टातल्या माझ्या खिडकीपुढची रांग बसलेली असते. मांडीवर कागद, कागदावर हात. कुणी रागावलेलं नसतं, कुणी भांडत नसतं. सगळे तुझं ऐकून वर बघत असतात. मग पडदा गालाला लागतो आणि मी जागी होते, आणि कितीतरी वेळ चहा करायलाही उठवत नाही.

तुला आपली ती काळी छत्री आठवते? आई गेल्यानंतरचं वर्ष. बाबा कामासाठी बाहेरगावी, मी एकोणीस वर्षांची, तू सात. कसरीनं खाल्लेली ती छत्री मी टाकून देणार होते, तर तू ती भर दुपारी गच्चीत उघडून तिच्याखाली जाऊन बसलास आणि मला हाका मारायला लागलास. मी ओरडतच आले. भात करपत होता. पण तू हाताला धरून बसवलंस, आणि त्या भोकांतून ऊन असं येत होतं की मी भाताचं विसरूनच गेले. तू प्रत्येक भोकाला नाव दिलंस. एकाला माझं दिलंस, आणि ते सगळ्यात मोठं होतं म्हणून मी तुला टपलीही मारली. भात करपला तो करपलाच. त्याच दुपारी मी ठरवलं, या पोराला हवं ते शिकू द्यायचं. पुढच्या महिन्यात कोर्टात कारकुनाची जागा निघाली आणि मी खिडकी क्रमांक दोनवर बसले, ती एकोणचाळीस वर्षं.

हे उपकार म्हणून सांगत नाही हं. लगेच तोंड वाकडं करू नकोस. मला ती खिडकी आवडायची. लोक कागद आत सरकवायचे तेव्हा त्यांची बोटं दिसायची आणि बोटांवरून मला माणूस कळायचा. रंगारी, शिंपी, नखं खाणारे, अंगठी विकून आलेले. मी कागद तपासायचे, शुल्क घ्यायचे, पांढरी पावती टाचायचे, शिक्का मारायचे. शिक्का बसला की माणसाचा चेहरा सैलावायचा. अजून काही जिंकलेलं नसायचं, पण कुणीतरी ऐकणार एवढं नक्की व्हायचं.

मग तुझं तारांगण आलं. इमारत कुणीतरी देणगीत दिली, पण रोजचा खर्च कुठून आणायचा यावर वर्षभर काथ्याकूट झाला. शहरावर कर बसवला तर लोक बोंब मारतील. तेव्हा विधिमंडळातल्या कुणा हुशार माणसाला आमची खिडकी आठवली. कोर्टात येणारा माणूस आधीच आपल्या काळजीत असतो, तो कशाला तक्रार करतोय! प्रत्येक दाव्यावर, प्रत्येक अपिलावर थोडा अधिभार बसला आणि आमच्याकडे पावत्यांची नवी पुस्तकं आली, निळी. पांढरी कोर्टाची, निळी तुझी. दोन्ही टाचल्याशिवाय कागद दाखल धरायचा नाही, असा नियम. ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी माफीचा अर्ज होता, पण तो पांढरीपुरता. निळीचा विचार करायला कुणाला सुचलंच नव्हतं. आणि मी? निळ्या पुस्तकाचा वास घेऊन बघितला. माझ्या भावाची पावती म्हणून.

आता या अधिभारावर खटला चालू आहे आणि तो रद्द झाला तर तुझ्या घुमटाला कुलूप लागेल, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. गेल्या रविवारी जेवताना तू बोलत होतास तेव्हा तुझा घास हातातच राहिला होता. समोरच्या बाजूच्या त्या वकीलबाईंना तू खूप नावं ठेवलीस. पण ठोंब्या, मी सुनावणीला मागच्या बाकावर बसून त्यांचं सगळं ऐकलंय. त्या आवाज चढवत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की, राज्यघटनेनं न्यायालयाचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय. त्या दारात कोर्टाच्या खर्चापुरते पैसे घ्या. बाकं, कागद, दप्तर, कारकुनाचा पगार, सगळं मान्य. पण कोर्टाशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्याचे पैसे तिथे मागितले, तर तो न्याय मागण्यावरचा कर झाला, आणि तो बसवण्याचा अधिकार विधिमंडळालाही नाही. शहराला तारे हवे असतील तर सगळ्या शहरानं पैसे द्यावेत, नुसत्या अडलेल्यांनी का? मला ते पटलं. दवाखान्यात केसपेपर काढताना कुणी बागेचे पैसे मागितले तर आपण दोघं किती भांडलो असतो! आणि तुमचे वकील उठून म्हणाले की मुलांनी तारे बघितले की ती गुन्ह्याकडे वळत नाहीत, म्हणून तारांगण हेही न्यायदानाचंच काम. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला हसू आवरेना, रुमाल तोंडाशी धरावा लागला.

म्हणूनच तुमची सगळी भिस्त आता दुसऱ्या मुद्द्यावर आहे: अकरा वर्षांत या अधिभारापायी एकही माणूस खिडकीवरून परत गेलेला नाही. परत केलेल्या कागदांचं रजिस्टर आहेच, त्यात निळ्या पावतीचं नावही नाही. ते रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं, म्हणून तुमच्या बाजूनं साक्षीला मी. रविवारी हात धुताना तू म्हणालास, "ताई, तू फक्त एवढंच सांग, की कुणी परत गेलं नाही." मी टॉवेल दिला. तू त्याला होकार समजलास, आणि मी समजू दिलं.

एक बाई परत गेली होती, ठोंब्या. पहिल्याच आठवड्यात. बेकरीत काम करणारी असावी, कारण कोपरांपर्यंत पीठ होतं आणि ते माझ्या खिडकीच्या कडेला लागलं. घरमालकानं खोली काढून घेण्याचा हुकूम आणला होता, त्यावर तिचं अपील, आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस. कोर्टाचं शुल्क तिनं बरोब्बर आणलं होतं. निळीचं तिला माहीतच नव्हतं. कशाचे पैसे, तिनं विचारलं. मी सांगितलं, ताऱ्यांचे. ती चिडली नाही. खरंच कळावं म्हणून तिनं विचारलं, "कुठले तारे?" पर्स माझ्या पायाशीच होती. कारकुनानं पक्षकाराचे पैसे भरायचे नाहीत हा नियम खरा, पण नियमाला मी एरवी किती भीक घालते ते तू जाणतोस. मला घाई होती. पाच वाजता तुझं उद्घाटन होतं आणि मला नव्या चपला घालायच्या होत्या. मी कागद परत सरकवले. ती दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच पैसे घेऊन उभी होती. मुदत संपली होती. आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी तुझ्या घुमटाखाली पहिल्या रांगेत बसून मी अभिमानानं ढसाढसा रडले होते, आणि तू मला पाणी आणून दिलंस.

तिच्या नावापुढे रजिस्टरात परतीचं कारण लिहायचं होतं. 'निळी पावती नाही' असं लिहायला पेन टेकवलं आणि वाटलं, आजच्या दिवशी तरी तुझ्या ताऱ्यांना डाग नको. मी लिहिलं, 'कागद अपुरे'. पुढे तसा प्रसंग आला की तेच लिहीत गेले. मी जुनी म्हणून बाकीच्या खिडक्यांवरच्या मुलींनीही माझंच बघून तेच लिहिलं. कुणी विचारलं नाही, कुणाला खोटं वाटलं नाही. तुमच्या वकिलांचं ते भलंमोठं शून्य असं तयार झालंय. ते माझ्या प्रेमानं केलंय, आणि मला त्याची लाज वाटते.

तुझं काम खोटं आहे असं मी मेले तरी म्हणणार नाही. तुझी धाकटी परवा मला ग्रहांची नावं उलट्या क्रमानं म्हणून दाखवत होती, आणि मध्येच अडली की अगदी तुझ्यासारखी नाक खाजवत होती. मूकबधिर शाळेची मुलं यायची तेव्हा तू बॅटरीच्या उजेडात हातवारे करून सगळं सांगायचास, ते मी पाहिलंय. तो घुमट बंद पडला तर माझंही काहीतरी कायमचं बंद पडेल. हवं तर मी तुझ्याबरोबर दारोदार वर्गणी मागत फिरेन, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसेन. पण त्या बाईच्या खोलीवर तो उभा राहावा, हे आता मला दुपारी झोपू देत नाही.

उद्या अकरा वाजता मला रजिस्टर दाखवून विचारतील, कुणी परत गेलं का? मी 'हो' म्हणणार आहे. 'कागद अपुरे' याचा अर्थ काय होता तेही सांगणार आहे. तिथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र. तुझ्या वकिलांना आज सांगायचं तर सांग, मला साक्षीतून काढायचं तर काढ. मग मी वकीलबाईंकडे जाईन, एवढं मात्र धरून चाल. आणि एक मागणं आहे, लहानपणापासून तुझ्याकडे काही मागितलं नाही म्हणून मागते. उद्या कोर्टात आलास तर समोर बसू नकोस. तुझं तोंड दिसलं तर मी खोटं बोलेन, आणि तुझ्यासाठी बोलले म्हणून मला त्याचं वाईटही वाटणार नाही.

उद्यानंतर बोलला नाहीस तरी तुझीच,
ताई