आत्याचं लाल सरबत

मीत सफा, २० मार्च १९९४

चि. वजीह यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आणि मुलांचा फोटो पोचला. तू जाडा झालायस. मस्कतची हवा मानवली म्हणतोस, मला तर वाटतं बायकोच्या हातचा भात मानवलाय. पोट आत घे रे जरा, अजून चाळिशी यायची आहे.

मी ईदला गावी गेले नाही म्हणून आत्यानं तुझ्याकडे कागाळी केलीच असेल. का गेले नाही ते सांगते, पण तिच्या कानावर यातलं अवाक्षर जाता कामा नये.

माझं कालव्यावरचं पुस्तक तुला पाठवलं होतं. तू पाचवं प्रकरण वाचलेलं नाहीस हे मला न सांगता कळतं, लहानपणापासून तू चित्रं बघून पुस्तक मिटणारा. त्या प्रकरणात मी लिहिलंय की आपल्या भागातला मोठा कालवा रफअत पाशांनी दानधर्म म्हणून खणला, हे शाळेत शिकवतात ते खरं नाही. गावोगावची माणसं दोरखंडानं बांधून नेली होती आणि त्यातली बरीच परत आली नाहीत. जुन्या कोर्टाच्या दप्तरात नावं सापडली, ती मी नावानिशी छापली. त्यात आपल्या कफ्र अल-तूतची माणसं आहेत, आत्याचे आजोबाही आहेत. माझी वेणी घालताना आत्या सांगायची ते आठवतं ना, की आजोबा कुदळ घेऊन गेले आणि त्यांची कुदळसुद्धा घरी आली नाही?

तर पाशांच्या नातवंडांनी आमच्या विद्यापीठाला मोठं सभागृह बांधून दिलंय. त्यांनी तक्रार केली की या बाईनं देशाच्या थोर पुरुषाची बदनामी केली. झालं, माझे तास बंद. मुली दारात वह्या घेऊन उभ्या आणि मी त्यांना वर्गात बसा म्हणू शकत नाही. १८ एप्रिलला चौकशी समिती बसेल. पाचवं प्रकरण ही माझी चूक होती, पुढच्या आवृत्तीत ते गाळीन, अशा दोन ओळींवर सही केली तर सगळं माफ. नाही केली तर शिकवणं कायमचं बंद आणि कुठल्यातरी सरकारी कचेरीत टेबल.

आणि समितीचे अध्यक्ष कोण असतील? आपले डॉ. शुक्री! माझ्या पीएचडीच्या जाहीर परीक्षेत परीक्षक होते तेच. पदवी जाहीर झाल्याबरोबर आत्यानं भर सभागृहात तोंडाशी हात नेऊन अशी लांबलचक किलकारी दिली होती की लग्नघरातसुद्धा कुणी देत नाही. मग शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना लग्नातल्यासारखं लाल सरबत आणि पिठीसाखर पेरलेली तुपातली काहक बिस्किटं. डॉ. शुक्रींच्या मिशीला पिठीसाखर लागली होती आणि सांगायची कुणाची छाती झाली नाही. ते परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, सही कर पोरी, मला निवृत्त व्हायचंय, हे पाप माझ्या हातून करवू नकोस.

काय करू, सांग. फोन बिघडलाय, पत्रच लिही. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
इनायात


मस्कत, ३० मार्च १९९४

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. (हो, मलासुद्धा कधीकधी जेवण जात नाही.)

ताई, सही कर. पाशा मेला, आजोबा मेले, त्या कालव्यात आता म्हशी डुंबतात. कुणासाठी नोकरीवर पाणी सोडतेस? तुझा जीव वर्गात आहे. सुट्टीतसुद्धा तू बोटाला खडू लागल्यासारखी बोटं चोळत बसायचीस. तुला एखाद्या कचेरीत फायलींवरची धूळ झटकताना बघायची माझी तयारी नाही. दोन ओळी आहेत, मान खाली घालून लिही आणि मोकळी हो. हवं तर मनातल्या मनात त्यांना शिव्या दे.

दुसरं, आत्याचा विचार कर. अम्मी गेल्यावर तिनं स्वतःचा संसार मांडला नाही, आपल्याला वाढवलं. सगळ्या गावात ‘माझी डॉक्टरीण’ म्हणून मिरवते. तुला काढून टाकलं असं कळलं तर ती अंथरूण धरेल.

आता एक सांगतो, ओरडू नकोस. तुमच्या कॉलेजचा दरवान आपल्याच गावचा. त्यानं आत्याला सांगितलं की डॉक्टरीणबाईंसाठी अठरा तारखेला मोठी समिती बसतेय. तिनं घाबरून मला लिहून विचारलं. माझी तंतरली. मी लिहून टाकलं की आत्या, ती बढतीची समिती आहे, ताई आता पूर्ण प्रोफेसर होणार, तू फक्त दुवा कर. तू सही केलीस तर आज ना उद्या बढती होईलच, म्हणजे माझं खोटं खरं होईल. हो की नाही?

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
वजीह


कफ्र अल-तूत, ६ एप्रिल १९९४

चि. वजीहला,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

बाळा, तुझं पत्र आलं आणि मी अंगणात बसकण मारून रडले. आनंदानं रे. शेजारची बहाना धावत आली, तिला वाटलं कोण गेलं! पोरगी प्रोफेसर होणार आणि मला सांगत नाही. लहानपणी पहिला नंबर आला तरी प्रगतिपुस्तक उशीखाली लपवायची, तसलीच अजून.

मी सगळं ठरवलंय. बहाना, तिच्या सुना, मी, अशा आम्ही मायक्रोबस करून जाणार. काहक भाजायला घेतलेत, ईदचे संपले म्हणून नवे, अस्सल तुपातले. सरबताला गुलाबाचा अर्क आणलाय. गुडघे कुरकुरतात, त्यांना म्हटलं, इतकी वर्षं गप्प बसलात, अजून एक दिवस दम धरा. इनायातला कळवू नकोस, तुला माझी शपथ आहे. ती लगेच येऊ नकोस म्हणेल, जसं काही मी कॉलेजात लाज आणणार आहे.

आणि ऐक, तिचं पुस्तक मी वाचते आहे. चष्मा लावून, बोट ठेवून, रोज एक पान. अक्षरं बारीक आहेत मेली. पाचव्या प्रकरणापर्यंत पोचले आणि तिथे माझ्या आजोबांचं नाव! अब्द अल-गव्वाद, बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं. मी त्या पानाला लाल रिबीन लावून ठेवलीय. त्यांना कबर नाही, आमची आजी ईदला कुठे जाऊन फातिहा म्हणावी म्हणून कासावीस व्हायची. मी आता त्या पानावर हात ठेवून म्हणते.

जीव लावतोस तसा लावत रहा. सुनेला म्हणावं तुला कमी वाढ.

तुझी आत्या,
तफीदा


मीत सफा, ११ एप्रिल १९९४

चि. वजीह यास,
आशीर्वाद. रागानं लिहिते आहे, तरी आशीर्वाद.

खोटं बोलायचं होतं तर जरा बेतानं बोलायचंस! ताई आजारी आहे म्हणायचंस, परदेशी गेली म्हणायचंस. थेट प्रोफेसर? आता गावातली प्रत्येक बाई आत्याला विचारणार की झाली का बढती, आणि ती बिचारी कुणाला काय तोंड दाखवेल?

तर घे, तुझ्या मनासारखं झालं. मी सही करणार आहे. कागद तयार करून पर्समध्ये ठेवलाय. तुझ्यासाठी नाही, आत्यासाठी. तिला मी काही देऊ शकले नाही, निदान तिची मान तरी खाली जायला नको. आणि खरं सांगू का, माझ्यासाठीसुद्धा. काल रिकाम्या वर्गात जाऊन बसले होते. फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘बाई, पुढचा धडा कधी?’ मला इतकं रडू आलं वजीह, की साफसफाईच्या बाईनं पाणी आणून दिलं.

आत्यानं ते प्रकरण वाचलेलं नाही हे एक बरं आहे. तिची नजर अधू, ती कशाला त्या बारीक अक्षरात जाते.

माया कर, फार अक्कल शिकवू नकोस.

तुझी,
इनायात


तार. मस्कत, १६ एप्रिल
फोन लागत नाही. आत्या अठराला कॉलेजात येतेय. काहक घेऊन. थांबव. वजीह


मीत सफा, १९ एप्रिल १९९४

चि. वजीह यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी तार आज सकाळी मिळाली. तारखात्याला माझा मानाचा मुजरा सांग.

काल काय झालं ते ऐक. आत समितीचे चौघे, समोर मी, माझ्यापुढे तो कागद. डॉ. शुक्री खिडकीबाहेर बघत होते. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात बाहेर किलकारी झाली. मला वाटलं कुणा पोरीचा साखरपुडा असेल. मग दुसरा आवाज, तिसरा, आणि डफ वाजायला लागला. वजीह, ती किलकारी मी कुठेही ओळखीन.

दार उघडून आत्या आत आली. काळा झगा, डोक्यावर ताट, मागे बहाना सरबताची घागर सावरत. शिपाई अडवायला आला होता, त्याच्या तोंडात आधीच काहक होता. आत्या थेट डॉ. शुक्रींपाशी गेली, ओळखलंत का म्हणाली, तुम्ही वाळलात म्हणाली, आणि त्यांच्या हातात काहक ठेवला. आपल्याकडे कुणाच्या आनंदाचं ताट कोण परतवणार? चौघांनीही घेतले. माझी बरखास्ती ज्या टेबलावर ठरायची त्या टेबलावर लाल सरबताचे पेले मांडले गेले.

मग तिनं पिशवीतून माझं पुस्तक काढलं. लाल रिबिनीचं पान उघडून डॉ. शुक्रींपुढे धरलं आणि सांगायला लागली की हे माझे आजोबा, यांना कबर नव्हती, माझ्या पोरीनं यांना जागा दिली, मी इथे फातिहा म्हणते. शेजारीच माझा कागद पडला होता. ते प्रकरण चूक होतं म्हणणारा.

डॉ. शुक्रींनी पान वाचलं, कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. मी टोपण लावलं.

आत्याला बाहेर बसवून मी समितीला सांगितलं की माझ्याच्यानं सही होणार नाही. निकाल तासाभरात आला. शिकवणं बंद, बदली पाटबंधारे खात्याच्या दप्तरात. कालव्यांच्याच खात्यात, बघ, विनोद करायची हौस कुणाला नसते! डॉ. शुक्रींनी वाचून दाखवला, तेव्हा त्यांच्या कोटावर पिठीसाखर होती.

मग मला अंगणात जाऊन आत्याला खरं सांगायचं होतं. इतका कठीण धडा मी आयुष्यात शिकवला नाही. पुढचं मी लिहीत नाही, ते तिचं ती लिहिणार आहे असं तिनं बजावलंय. मला आज वर्गाची फार आठवण येते आहे. बाकी बरी आहे.

आठवण ठेव, ती पुरते.

तुझी ताई,
इनायात


कफ्र अल-तूत, २२ एप्रिल १९९४

वजीह,
आशीर्वाद देते, कारण न देऊन सांगू कुणाला. पण मस्कत लांब आहे हे तुझं नशीब. तुझे कान माझ्या हाताशी असते तर आज जागेवर राहिले नसते. बढती म्हणे!

इनायातनं सांगितलं आणि मी पायरीवर बसले. अंगणभर मुली उभ्या, त्यांच्यासमोर मी किलकाऱ्या देऊन, डफ वाजवून माझ्याच पोरीचं वाटोळं साजरं केलं होतं. जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तिला विचारलं, तू चोरी केलीस का? नाही म्हणाली. लिहिलंस ते खोटं आहे का? नाही म्हणाली. मग ते काय म्हणतात, माझे आजोबा तिकडे हौसेनं गेले होते का खणायला? त्यावर ती हसली आणि हसता हसता लहान पोरीसारखी रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, सगळ्यांसमोर. प्रोफेसर असली म्हणून काय झालं.

तेवढ्यात मास्तरलोक एकेक करून यायला लागले. खाली मान, हळू आवाज, मयताला येतात तसे. एकानं तर कॅन्टीनमधून बिनसाखरेची कॉफी मागवली, मयताच्या घरी देतात तशी. ती बघितली आणि माझं डोकं फिरलं. कॉफी झाडाच्या बुंध्याशी ओतली. म्हटलं, आमच्याकडे कुणी मेलेलं नाही. उलट इतक्या वर्षांनी माझा आजा घरी आलाय, आणि ही पोर त्याला पुन्हा हाकलून द्यायला तयार झाली नाही. घागरीत सरबत उरलं होतं. मी स्वतः पेले भरले. आणि उभी राहिले, बहानाच्या खांद्याला धरून, आणि पुन्हा किलकारी दिली. सकाळची अजाणता दिली होती, ही जाणून दिली. आधी माझी एकटीची होती. मग बहानाची. मग त्या वह्यावाल्या मुली, एक, मग दुसरी, मग सगळं अंगण. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. तो मिशीवाला अध्यक्ष खाली आला, माझ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, पण त्यानं पेला घेतला आणि उभ्यानं संपवला. त्याचं तो बघेल.

इनायात माझ्याकडे आली आहे. आता झोपलीय. मधेच बोटं चोळते, खडू झटकल्यासारखी. ते बघवत नाही, तेवढंच सांगते. बहानाच्या नाती संध्याकाळी वह्या घेऊन येऊ का विचारत होत्या. मी त्यांना म्हटलं, उद्या या, आज तिला झोपू दे.

आता तू एक कर. पुस्तक तुझ्या कपाटात आहे, न वाचलेलं, मला सगळं कळलंय. आज ते काढ. पाचवं प्रकरण उघड, आजोबांच्या नावावर हात ठेव, फातिहा म्हण. आणि त्यांना सांग, तुमचं नाव कुणी खोडलेलं नाही.

माया आहे, रागासकट आहे.

तुझी आत्या,
तफीदा