गुरुवारच्या फिरण्याचा शब्द

प्रिय मित्रा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, खोडत बसत नाही. तुझ्या सत्काराचं निमंत्रण मिळालं, सोबतचं वर्तमानपत्राचं कात्रणही. किल्ल्यातल्या युद्धकैदेतून निसटलेला एकमेव अधिकारी म्हणे. तुझ्या पळण्याने मागे राहिलेल्यांच्या केसालाही धक्का लागला नाही, असं तू सांगितलंयस. वाचून मी कप असा आपटला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

भिंतीवरून उतरला असतास, गटारातून सरपटत गेला असतास, तर मीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या असत्या. आपण सगळेच कुठे ना कुठे पोखरत होतो. मी दोन महिने चमच्याने चुना खरवडलाय. पण गुरुवारचं फिरणं वेगळं होतं. फाटकावर सही करायची, परत येईन असा शब्द द्यायचा, आणि तासभर नदीकाठी पहारेकऱ्याशिवाय चालायचं. शत्रू आपला शब्द मानत होता, तेवढीच अब्रू शिल्लक होती आपली. तुझ्या कागदावर जामीन म्हणून सही माझी होती. बुटाची नाडी बांधतो, तू हो पुढे, असं म्हणालास. मी गाढवासारखा झालो पुढे.

कमांडंटने आरडाओरडा केला नाही. सगळ्यांना अंगणात उभं करून एवढंच म्हणाला, “आजवर तुमच्या शब्दावर फाटक उघडत होतो. आता उघडणार नाही.” फिरणं बंद झालं त्याचं काही नाही. मला सगळ्यांदेखत मान खाली घालावी लागली त्याचंही नाही. पण आपले डॉक्टर त्याच शब्दावर खाली गावात औषधं आणायला जायचे, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या खोकल्याचं औषध त्यांनीच दोनदा आणलं होतं.

त्याच हिवाळ्यात नकाश्याची छाती कफाने भरली. तुझ्या खाटेशेजारचा नकाश्या, ज्याने स्वतःच्या कोटाचं अस्तर फाडून त्यावर तुला सरहद्दीपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून दिला. डॉक्टर रोज फाटकाशी जाऊन विनवायचे आणि रिकाम्या हातांनी जिना चढून यायचे. तापात तो मलाच तू समजून विचारायचा, पोचलास का रे. मी हो म्हणायचो.

त्याच्या बायकोला पत्र मीच लिहिलं. झोपेत गेला, काही त्रास झाला नाही, असं. तुझी लाज राखली. तेवीस वर्षं ते खोटं गिळून बसलो, म्हणून स्वतःचाही तितकाच संताप येतो.

सत्काराची बातमी नकाश्याच्या बायकोनेही वाचली. काल घरी आली. ज्याला नवऱ्याने वाटेचा नकाशा काढून दिला, त्या माणसाला स्वतः हार घालायचाय, म्हणाली. मग मला राहवलं नाही, होतं ते सगळं सांगितलं. ती रडली नाही. औषधाविना तो किती दिवस तळमळला हे सांगायला लागलो, तर हात वर करून तिने मला थांबवलं. ते ज्यांचा सत्कार आहे त्यांच्याच तोंडून ऐकेन, म्हणाली, आणि तुझा पत्ता मागून घेतला. रविवारी सकाळी, सत्काराआधी, ती तुझ्या दारात असेल. अकरा दिवस तळमळला तो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुला राहू नये, म्हणून हे पत्र.

तुझाच,
त्या खोलीतला सोबती