ओरडू नको, बाळ गुदमरेल

प्रिय आई,

खुशालीने सुरुवात करत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मुद्द्याचं बोल, मला ड्यूटी आहे." तर मुद्दा असा. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी बारा बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातली नववी तुझ्याबद्दल निघाली. तुला जाऊन वीस महिने झाले. मनातल्या मनात तुझ्याशी रोजच बोलते, त्यामुळे लिहायची कधी गरज वाटली नाही. हे मात्र लिहूनच सांगायला हवं.

विषय आहे बाळंतपणात बायकांना मिळालेली वागणूक. ऐकून हसली असतीस! "वागणूक कसली? कळा येतात, बाळ होतं, घरी जातात." आमच्या मार्गदर्शक मॅडमनी हा विषय सुचवला तेव्हा मीही मनात हेच म्हणाले होते. आठ वर्षं नाशिकच्या प्रसूती कक्षात काढली होती मी. बायकांना काय वाटतं हे मला कुणी वेगळं सांगायची गरज आहे, असं वाटत नव्हतं.

पहिल्या तीन मुलाखतींत सगळ्या बायका एकच म्हणाल्या : "चांगलं होतं. समदं चांगलं होतं." मी खूश! मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, "मुलाखत घ्यायला गेली होतीस की हजेरी? अंगावर काय होतं?" अंगावर पांढरा ॲप्रन होता. ॲप्रनवालीसमोर ॲप्रनवालीला कोण नावं ठेवणार? पुढच्या वेळेपासून साधा ड्रेस घालून गेले, खुर्ची नको म्हणाले आणि जमिनीवर बसायला लागले. त्यानंतर बायका जे बोलायला लागल्या ते ऐकून घरी आल्यावर माझ्याच्यानं दोन घास गिळवेनात.

गावं चिठ्ठ्या टाकून काढली होती. सिन्नरच्या पुढचं, तुझ्या जुन्या दवाखान्याच्या हद्दीतलं गाव निघालं, तेव्हाच मी मॅडमना सांगायला हवं होतं, की इथे माझी आई सिस्टर होती. सांगितलं नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, गावची आशा कार्यकर्तीही नवीन, मला कोण ओळखतंय? असा हिशेब केला. खरं सांगू का? तुझं कौतुक ऐकायला मिळेल असंही वाटलं होतं.

ऐकायला मिळालंही. एक म्हणाली, "त्या बाईंच्या हाताला यश व्हतं." आतून इतकी फुगले, की पुढचा प्रश्न विचारायलाच विसरले.

मग मीना. हे तिचं खरं नाव नाही. खरं तुलाही सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. वय चाळिशीचं, नवरा वारला, मुलगा सिन्नरच्या कंपनीत जातो. मुलगी सोनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा सरत आलेला. सोनी आत मेथी निवडत होती आणि आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मीनाने तिच्या पहिल्या खेपेचं सांगायला घेतलं.

"पोळ्याचा दिवस. जीपवाले समदे बैलांच्या मिरवणुकीत. शेजारच्यानं ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गोधडी टाकून मला निजवली. रस्ता असा, की दर हादऱ्याला मी किंचाळायची. दवाखान्यात उतरवलं तरी वरडतच व्हते. तर सिस्टरबाई दारातूनच म्हनल्या, वरडू नको, बाळ गुदमरंल! गप बसायला गेले, पन व्हयना. मंग त्यांनी पोटाला ती नळी लावली. इकडं लावली, तिकडं लावली. आन् एकदम गपच झाल्या. पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलल्या नाय. लय रागावल्या असतील. बाळ झालं ते रडलंच नाय."

"ते बाळ" म्हणत होती ती. मुलगा होता की मुलगी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं तिच्या समोरून गेलं, तेवढंच. सासूने विषय काढायचा नाही म्हणून बजावलं, नवरा तर उठूनच जायचा. आता दोघंही नाहीत. दवाखाना नव्या इमारतीत गेला तेव्हा जुनी रजिस्टरंही गहाळ झाली.

"दुसऱ्या खेपेला ही सोनी," ती म्हणाली. "तोंडात पदर कोंबला. चकार शब्द काढला नाय. डॉक्टरीणबाई म्हनल्या, किती शहाणी बाई हाय! आता सोनीलाबी सांगून ठेवलंय, जीव गेला तरी आवाज काढायचा नाय." आणि मग मला विचारलं, "तुम्ही शिकलेल्या. माझ्या वरडन्यानंच गेलं ना वो ते बाळ?"

मी ताबडतोब "नाही" म्हणाले. ओरडण्याने बाळ दगावत नाही, हे नीट समजावूनही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही बरं वाटावं म्हनून सांगताय."

आई, ते वाक्य तू सगळ्यांनाच म्हणायचीस! क्वार्टरच्या खिडकीतून मला ऐकू यायचं. बाई कोणतीही असो, दारात आली की पहिलं वाक्य ठरलेलं. त्यात राग नव्हता, हे मला माहीत आहे. तुझ्या लेखी ते 'इकडे झोप', 'पाय वर घे' यातलंच एक होतं. सांगायला लाज वाटते, पण मीही तेच म्हणते. मागच्या महिन्यात पेठकडच्या एका मुलीला म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि गप्प झाली. मला वाटलं, शहाणी आहे.

पण तो पोळा मला आठवतो. मी पाचवीत होते. मातीचे बैल रंगवून तुझी वाट बघत बसले होते. तू दिवेलागणीला आलीस, आधी डोक्यावरून पाणी घेतलंस आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलीस. बाबांनी काय झालं म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "आली तेव्हाच ठोके लागत नव्हते. पोरगी होती, पुरत्या दिवसांची. केस हे एवढे दाट. मीच कोमट पाण्याने आंघोळ घातली आणि बापाच्या हातात दिली." बाबा म्हणाले, "तिच्या आईला दाखवली का?" तर तू म्हणालीस, "कशाला? एकदा बघितली की विसरेल का ती?" शेजारच्या कंपाउंडरकाकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. तू जेवली नाहीस. मी दोन खाल्ल्या.

म्हणजे तू रागावून गप्प झाली नव्हतीस. तुला ठोके सापडत नव्हते! मीनाच्या ओट्यावर बसल्याबसल्या मला हे कळलं. एकवीस वर्षं जे तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते मला अकराव्या वर्षापासून माहीत होतं. पण सांगायचं तर मी कोण, हेही सांगावं लागणार. मी रेकॉर्डिंग बंद केलं, चहा घेतला आणि जीपमध्ये बसून परत आले. भित्री कुठली!

चार दिवसांनी मॅडमना सगळं सांगितलं. आधी लपवल्याबद्दल पोटभर ओरडा खाल्ला. मग त्या म्हणाल्या, "मुलाखत ठेवायची की काढायची, ते तिला तू कोण आहेस हे कळल्यावर तिलाच विचार. आणि तुला जे माहीत आहे ते तुझं नाही, तिचं आहे."

तरी आठवडाभर गेले नाही. कारण तू. त्या गावात अजून लोक तुझं नाव काढतात. आपल्याच हाताने त्याला डाग कशाला लावायचा?

तेव्हा मला तुझ्या आजारपणातले दवाखान्यातले शेवटचे दिवस आठवले. त्या नवीन नर्स मुलीने काही न बोलता तुझ्या सलाइनमधून इंजेक्शन दिलं, तेव्हा केवढी चिडली होतीस! "कसलं आहे ते सांगून द्यायला तुझं काय जातं?" असं म्हणालीस, बोलायचं त्राण नसताना. मी त्या मुलीची समजूत काढली आणि तुला म्हणाले, "आई, कामाच्या गडबडीत राहून जातं." तू तोंड फिरवून घेतलंस. तुझं बरोबर होतं गं. पण मग मीनालाही सांगायला नको होतं का?

परवा गेले. ओट्यावर बसल्याबरोबर सांगून टाकलं : "ताई, त्या सिस्टरबाई म्हणजे माझी आई. त्या पोळ्याला ती घरी येऊन काय म्हणाली ते मी ऐकलं होतं." तुझी वाक्यं होती तशी सांगितली. आली तेव्हाच ठोके लागत नव्हते. पोरगी होती. केस दाट होते.

तिने विचारलं, "रंग कसा व्हता?" तोंडावर आलं होतं, गोरी होती म्हणून. पण तू रंगाचं काही बोलली नव्हतीस. माहीत नाही म्हणाले. मग तिने विचारलं, "आंघोळ घातली व्हती?" मी हो म्हणाले. आत्तापर्यंत कोरडी होती, ती तेव्हा रडली.

नंतर चिडली. चिडणारच. "मंग तवाच मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला दावली असती तर? मी आई नव्हते का तिची?" तुझ्या वतीने माफी मागावी असं वाटलं, पण तसा अधिकार आपल्याला आहे का, ते कळेना. म्हणून मी माझ्यापुरती मागितली. म्हणाले, "तेच वाक्य मीही बायकांना म्हणत आलेय."

मुलाखत काढून टाकू का, असं विचारलं. "कशाला काढता? लिव्हा," ती म्हणाली. "त्या वरडल्या तेबी लिव्हा. आन् आंघोळ घातली तेबी लिव्हा."

मी निघायला उठले तर तिने आत हाक मारली. सोनी कंबरेवर हात ठेवून दारात आली. मीना तिच्याकडे न बघताच म्हणाली, "मी तुला ते गप ऱ्हायाचं सांगितलं व्हतं ना, ते ऱ्हाऊ दे. दुखलं तर वरड. लय मोठ्यानं वरड." सोनी आधी हसली. मग आईचा चेहरा बघून खाली बसली आणि तिच्या मांडीवर हात ठेवला.

आई, मला तुझा राग आला आहे. तो लगेच जाईल असं दिसत नाही. त्या मुलीला तू आंघोळ घातलीस, म्हणून ऊरही भरून येतो. दोन्ही आहे. प्रबंधात तुझं नाव कुठेही येणार नाही, पण तू केलेलं आणि न केलेलं, दोन्ही येईल.

आणि वचन देते. ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. मी नळी लावीन तेव्हा ठोके सापडले तर त्या बाईला सांगेन. नाही सापडले, तर गप्प होणार नाही. तिचा हात धरून तेही सांगेन आणि तिला विचारेन, "बाळ बघायचंय का तुला?" ती हो म्हणाली, तर आंघोळ घालून आधी तिच्याच हातात देईन.

तुझी,
अशू