मास्तरांच्या उजव्या बाजूला

पुणे, ८ जानेवारी २०२५

ती. शिवानंदमामांस,
शिवलीलाचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘जाफना’ म्हटलं की तुमच्याकडं आवाज कटायला लागतो, हरभऱ्याचं विचारलं की रेंज छान येते. म्हणून पत्र. हे कटत नाही.

आधी गुन्हा कबूल करते. युद्धानंतर माणसं एकमेकांकडं परत कशी बघतात, यावर मी फिल्म करतेय हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीत तुमच्या ट्रंकेतला फौजेतला फोटो मी उचलला. ट्रंक मामींनी उघडून दिली आणि तुम्ही येताय का बघायला दारात उभ्या राहिल्या. फोटोमागं जाफन्याजवळच्या एका गावाचं नाव होतं. डिसेंबरात श्रीलंकेत शूटिंग होतं, तेव्हा तिथं जाऊन आले.

नल्लतंबी नावाचे निवृत्त मास्तर भेटले. १९८८ साली, आपली शांतिसेना तिथं असताना, घरझडतीत एका भारतीय जवानानं त्यांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. तेव्हापासून एका कानानं ऐकू येत नाही. मारल्यावर तोच जवान घाबरून पाणी घेऊन आला आणि ‘नीरु कुडी’, पाणी पी, म्हणाला. तमिळ नव्हतं, पण समजलं, म्हणाले. मामा, ती कानडी आहे, तुमच्या घरात बोलतात ती. फोटोत त्यांनी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी नाव सांगितलं नाही.

तुम्ही काही बोलाल का?

मामींवर रागावू नये. सगळा राग माझ्या वाट्याला ठेवावा, जमल्यास थोडा लोभही.

तुमची,
शिवलीला

*

नळदुर्ग, १७ जानेवारी

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. घरात दोन चोर निघाले. त्यातला एक रोज सकाळी माझ्या हातचा चहा पितो, हे आज कळलं.

हुरड्याला ये. ज्वारीवर पाखरं लई पडल्यात. तू मचाणावर बसून त्यांना प्रश्न विचारायला लाग, एक थांबायचं न्हाय.

फोटोतला तो गडी म्या न्हाय. त्याला मिशी हाय, मला तवा मिशी नव्हती. फौजेत कानडी बोलणारी शेकडो पोरं होती. एकेकाला गाठून विचारत बस.

मास्तरांना म्हणावं, डावा कान चांगल्या डॉक्टरला दाखवा. आता यंत्रं लई चांगली मिळतात.

माया हाय तेवढीच हाय, फक्त ट्रंकेला कुलूप लावलंय.

तुझा मामा,
शिवानंद

*

पुणे, २३ जानेवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आईनं तुमच्या लग्नाचा, ८६ सालचा फोटो काढून दाखवला. मिशी आहे, चांगली पिळदार आहे.

आणि कोणता कान, ते मी लिहिलंच नव्हतं.

निघताना मास्तरांनी निरोप दिला होता, तो आता सांगते. म्हणाले, तो कधी आला तर त्याला माझ्या उजव्या बाजूला बसव. डाव्या बाजूनं बोलला तर एवढ्या लांबून येऊन सगळं फुकट जायचं. पहिल्या दिवशी कॅमेरा नको, असंही म्हणाले.

उत्तराची घाई नाही. माझ्यावर डोळे वटारलेत तरी चालेल, पण पाठ फिरवू नये.

शिवलीला

*

नळदुर्ग, २ फेब्रुवारी

चि. शिवलीला हिस, आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी सुरुंगात आमच्या तुकडीतली दोन पोरं गेली. दुपारी झडतीत मास्तरांना विचारलं, कुणी पेरला. ते गप उभे राहिले. मला वाटलं, माहीत असून बोलत न्हायत. आज वाटतं, माझं हिंदी त्यांना कळलंच नसंल. म्या दस्ता मारला. दारात त्यांची लेक उभी होती, सात-आठ वर्षांची. ती रडली न्हाय. माझ्याकडं बघत राहिली.

छत्तीस वर्षं हे कुणाला सांगितलं न्हाय. काल तुझ्या मामीला सांगितलं. ती उठून आधार कार्ड शोधायला लागली, पासपोर्टला लागतं म्हणून.

धाब्यावर तमिळनाडूचे ट्रक थांबतात. एका ड्रायव्हरकडनं एक वाक्य शिकतोय.

आता तरी मामाला भित्रा म्हणू नको, म्हणायचंच तर हळू म्हण.

शिवानंद

*

जाफना, १९ एप्रिल

सौ. रुद्रम्मा हिस,

सुखरूप पोचलो. टपाल माझ्यामागनं पोचंल, म्हणून शिवलीला या पत्राचा फोटो फोनवर धाडती. विमानात शिवलीलानं खिडकी मला दिली, आणि म्या डोळे मिटून बसलो हे ती सगळ्यांना सांगत सुटलीय.

काल मास्तरांकडं गेलो. लेक आता शाळेत शिकवती. चहा ठेवून आत गेली, माझ्याशी बोलली न्हाय. बोलायलाच पायजे, असं कुठं हाय.

मास्तरांच्या उजव्या बाजूला बसलो आणि वाक्य म्हटलं. मास्तर हसायला लागले. शिवलीलाचा दुभाषी पण तोंड फिरवून हसला. त्या ड्रायव्हरनं मला ‘तू मला माफ कर’ असं शिकवलेलं. मास्तर म्हणाले, वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणत न्हायत. मग त्यांनी आदराचं वाक्य सांगितलं आणि शाळेतल्यागत परत म्हणायला लावलं. चुकलो. पुन्हा म्हणायला लावलं.

तिसऱ्या वेळंला अर्ध्यातच अडकलो, पुढचं येईना. मग राहिलेलं अर्धं वाक्य मास्तरांनी स्वतःच हळू आवाजात पुरं केलं आणि माझा हात धरून बसले.

सोमवारी निघतो. गावात काही बोलू नको, आल्यावर म्या स्वतः सांगणार हाय. तुझी आठवण येती, हे कागदावर लिहून ठेवतो.

तुझा,
शिवानंद